पंच्याहत्तरीतलं लायसन्स: सीनियर ड्रायव्हरची टेस्ट जास्त वेळा घ्यावी का?

बाबांचं लायसन्स यंदा रिन्यू झालं. बाबा ७५ वर्षांचे आहेत आणि नवीन कार्डावर जी तारीख आली ती थेट त्यांच्या ऐंशीची. मधल्या पाच वर्षांत त्यांना कुणी काही विचारणार नाही. त्या रिन्यूअलसाठी डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं म्हणून मी त्यांच्याबरोबर गेले होते, आणि तिथे डॉक्टरांनी मान वर न करता फॉर्म भरला, सही केली, शिक्का मारला आणि पैसे घेतले. डोळे बघितले नाहीत, ऐकू येतं का ते विचारलं नाही, कुठल्या गोळ्या चालू आहेत तेही नाही. बाबांच्या उजव्या डोळ्यात तेव्हा मोतीबिंदू होता, आणि हे आम्हाला चार महिन्यांनी चष्म्याचा नंबर काढायला गेलो तेव्हा कळलं.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये. त्यात ब्रिटनमध्ये ७० च्या वरच्यांना डोळ्यांची तपासणी सक्तीची करायची का यावर २०२५ पासून मोठी चर्चा चाललीये, त्यामुळे आपल्याकडेही फॅमिली ग्रुपवर भांडणं सुरू झालीत, एक बाजू म्हणते म्हाताऱ्यांची लायसन्स काढून घ्या, दुसरी म्हणते आधी बाईकवर कट मारणाऱ्या पोरांना आवरा. दोन्ही बाजू तावातावाने बोलतात पण मुळात नियम काय आहे, वयाने ड्रायव्हिंगमध्ये काय बदलतं, आणि टेस्ट घेतल्याने अपघात खरंच कमी होतात का, हे कुणी सांगत नाही. म्हणून जेवढं समजलंय तेवढं सोप्या भाषेत लिहितेय.

## आधी आपला कायदा काय म्हणतो ते बघू

मोटार वाहन कायदा १९८८ चा आणि त्यात २०१९ मध्ये मोठा बदल झाला. आपलं रोजचं, म्हणजे टॅक्सी-ट्रकचं नाही ते लायसन्स, तिशीच्या आत काढलं तर चाळिशीपर्यंत चालतं. ३० ते ५० मध्ये काढलं किंवा रिन्यू केलं तर १० वर्षं. ५० ते ५५ मध्ये केलं तर साठीपर्यंत. आणि ५५ नंतर कधीही करा, दर वेळी ५ वर्षं.

म्हणजे ५५ चा माणूस आणि ८५ चा माणूस कायद्याला सारखाच, दोघांनाही पाच वर्षं. माझ्या मते खरी गडबड इथेच आहे, कारण ५५ ते ६० या पाच वर्षांत शरीर जेवढं बदलतं आणि ८० ते ८५ मध्ये जेवढं बदलतं त्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, हे घरात कुणी वयस्कर असेल त्याला वेगळं सांगायला नको.

रिन्यू करताना गाडी चालवून दाखवावी लागते का? नाही. लायसन्स संपून एक वर्षाच्या वर गेलं असेल तरच परत टेस्ट. बाकी चाळिशीनंतर प्रत्येकाला लागतो तो वन-ए फॉर्म, म्हणजे डॉक्टरचं सर्टिफिकेट. हा फॉर्म तसा वाईट नाहीये बरं का. त्यात डॉक्टरला विचारलंय की या माणसाला दिवसाउजेडी २५ मीटरवरून गाडीची नंबर प्लेट वाचता येते का, लाल-हिरवा रंग ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, हॉर्न ऐकू येईल इतपत कान शाबूत आहेत का. प्रश्न बरोबर आहेत, पण ते न विचारताच सही झाली तर फॉर्मचा उपयोग काय.

अजून एक कलम आहे जे फार कमी लोकांना माहितीये, कलम १६. आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे एखादा माणूस गाडी चालवायला योग्य राहिला नाही असं मानायला सबळ कारण असेल तर लायसन्स देणारा अधिकारी कधीही नवीन मेडिकल सर्टिफिकेट मागू शकतो किंवा लायसन्स रद्द करू शकतो. वयाची अट नाही, पाच वर्षं थांबायची गरज नाही. म्हणजे हत्यार कायद्यात आहेच.

## वय वाढलं की गाडी चालवताना नेमकं काय बदलतं?

सगळ्यात आधी डोळे. वयाबरोबर बुबुळातलं छिद्र लहान होतं आणि आतलं भिंग पिवळट, गढूळ होत जातं. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. म्हणून दिवसा मस्त चालवणारे काका संध्याकाळी सातनंतर अचानक चाचपडत चालवतात. त्यात समोरून पांढऱ्या एलईडीवाला हाय बीम मारत आला की डोळे दिपतात, आणि दिपल्यावर परत नीट दिसायला तरुणांपेक्षा जास्त वेळ लागतो. त्या दोन-तीन सेकंदांत गाडी आंधळीच चाललेली असते.

मोतीबिंदू निदान कळतो तरी, धुरकट दिसतं. काचबिंदू जास्त फसवा. त्यात समोरचं नीट दिसत राहतं पण कडेचं दिसणं हळूहळू कमी होतं, जणू नळीतून बघतोय असं, आणि मेंदू रिकामी जागा स्वतःच भरून टाकतो त्यामुळे त्या माणसाला पत्ताच लागत नाही. असा माणूस २५ मीटरवरची नंबर प्लेट खाडखाड वाचेल आणि गल्लीतून पळत आलेलं पोरगं मात्र त्याला दिसणार नाही. कडेचं किती दिसतं त्याला दृष्टीचा परीघ म्हणतात आणि तो वन-ए फॉर्मच्या नंबर प्लेटवाल्या प्रश्नातून कळत नाही.

दुसरं म्हणजे वेळ. दिसलं, मेंदूला कळलं, पाय ब्रेकवर गेला, या सगळ्याला लागणारा वेळ वयाने वाढतो. ताशी ६० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. म्हणजे ब्रेक मारायला अर्धा सेकंद उशीर झाला तर गाडी आठ मीटर पुढे, तेवढ्यात अख्खा झेब्रा क्रॉसिंग मागे पडतो. आणि एकाच वेळी चार गोष्टींकडे लक्ष ठेवणं अवघड जातं. म्हणूनच वयस्कर ड्रायव्हरचे अपघात बऱ्याचदा चौकात होतात, समोरून येणारा ट्रॅफिक कापून वळताना. आपल्याकडे म्हणजे उजवीकडे वळताना. तरुणांचे अपघात वेगळे असतात, तिथे स्पीड, रात्र आणि दारू.

तिसरं, ज्याकडे कुणाचंच लक्ष नसतं, औषधं. झोपेच्या गोळ्या, सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या यांनी गुंगी येते. शुगरवाला माणूस इन्सुलिन घेऊन जेवायला उशीर करून निघाला आणि गाडीवर असताना साखर उतरली तर काही मिनिटांत भान जाऊ शकतं. हे चाळिशीतही होतं, पण सत्तरीत गोळ्यांचा डबाच मोठा असतो.

आणि आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे स्कूटर. या विषयावरचे परदेशातले बहुतेक अभ्यास कारवाल्यांचे आहेत. आपल्याकडे सत्तरीतला माणूस ॲक्टिव्हावर भाजी, दूध, बँक सगळं करतो. कारमध्ये ब्रेक उशिरा लागला तर निदान भोवती पत्रा तरी असतो. स्कूटरला सिग्नलवर थांबताना गुडघा साथ देत नसेल, तोल गेला, की माणूस कुणी धक्का न देताही पडतो. खुब्याचं हाड मोडलं की पुढची दोन वर्षं काय होतं ते बऱ्याच घरांनी बघितलंय.

## मग सीनियर ड्रायव्हर जास्त धोकादायक असतात का?

इथे आकडे सरळ वाचले तर फसायला होतं. परदेशात दर किलोमीटरमागे मृत्यू मोजले तर पंच्याहत्तरीनंतर आलेख चढतो हे खरं. पण त्याचं मोठं कारण असं की तोच धक्का तिशीतल्याला बसला तर बरगडीला मुका मार आणि ऐंशीतल्याला बसला तर जीव जातो. म्हणजे ते जास्त धडकतात यापेक्षा धडकल्यावर वाचत कमी, हा त्यातला मोठा भाग.

दुसरी गोम किलोमीटरची. रिटायर झालेला माणूस गाडी कमी काढतो आणि काढली की गावातल्या गर्दीतच. हायवेवर रोज शंभर किलोमीटर जाणाऱ्याचे किलोमीटर सोपे असतात, चौक-सिग्नल कमी. रोज चाळीस पोळ्या करणाऱ्याचा आणि महिन्यातून एकदा चार करणाऱ्याचा हात किती वेळा भाजला ते पोळीमागे मोजलं तर दुसऱ्याचा आकडा मोठा येणारच. अभ्यासकांनी कमी गाडी चालवणाऱ्या तरुणांशी तुलना करून बघितली तेव्हा हा वयाचा फरक बराचसा विरघळला.

भारताचा आकडा तर सरळच सांगतो. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली, त्यातली दोन तृतीयांश १८ ते ४५ मधली, आणि सगळ्यात मोठं कारण ओव्हरस्पीडिंग. तेव्हा रस्ते सुरक्षित करायला आजोबांची लायसन्स काढा असं कुणी म्हणत असेल तर तो चुकीच्या दारावर थाप मारतोय.

पण म्हणून प्रश्न संपत नाही. पंचेचाळिशीत गाडी शिकलेली ती मोठी पिढी आता सत्तरीत पोचतेय आणि तिला गाडी सोडायची नाहीये, अगदी बरोबर आहे त्यांचं.

## बाकी देश काय करतात?

जपानमध्ये सत्तरीनंतर रिन्यू करताना खास क्लासला बसावं लागतं आणि ७५ नंतर स्मरणशक्तीची टेस्ट असते, चित्रं दाखवतात, थोड्या वेळाने कुठली होती ते विचारतात, आज तारीख-वार काय ते विचारतात. एप्रिल २०१९ मध्ये टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या माणसाची गाडी सुसाट सुटली आणि एक आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी गेली. सगळा देश हादरला. त्या वर्षी साधारण सहा लाख लोकांनी स्वतःहून लायसन्स परत केलं. २०२२ पासून तिथे ७५ च्या वरच्या ज्यांनी मागच्या तीन वर्षांत ठरावीक नियम मोडलेत त्यांना प्रत्यक्ष गाडी चालवून दाखवावी लागते. लक्षात घ्या, सगळ्यांना नाही, ज्यांच्या बाबतीत कारण आहे त्यांनाच.

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनीवाल्या राज्यात, ७५ पासून दर वर्षी मेडिकल आणि ८५ नंतर दर दोन वर्षांनी ड्रायव्हिंग टेस्ट. टेस्ट नको असेल तर मर्यादित लायसन्स घ्या, घराजवळच्या ठरलेल्या भागात चालवा. ब्रिटनमध्ये ७० नंतर दर तीन वर्षांनी रिन्यूअल असतं पण माणसाने स्वतःच लिहून द्यायचं की मी ठीक आहे. एप्रिल २०२५ मध्ये लँकेशरच्या कोरोनरने, म्हणजे असे मृत्यू तपासणाऱ्या अधिकाऱ्याने, नजर अधू झालेल्या ड्रायव्हरांनी घेतलेल्या चार बळींची चौकशी केली आणि ही पद्धत युरोपातली सगळ्यात ढिली आहे असं स्पष्ट म्हटलं. बळी गेलेले चौघंही वयस्कर होते, आणि चौघंही पायी.

उलट अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये, शिकागोवाल्या राज्यात जिथे आपलीही बरीच मंडळी मुलांकडे राहतात, वयावरून रस्त्यावरची टेस्ट घेणारं ते एकटंच राज्य होतं, आणि त्यांनी २०२५ मध्ये कायदा करून ते वय जुलै २०२६ पासून ८७ वर नेलं. पण त्याच कायद्यात घरच्यांना सोय दिली की तुम्हाला काळजी वाटत असेल तर आम्हाला कळवा. मला यात शहाणपण दिसतं.

## टेस्ट जास्त वेळा घेतली तर बिघडलं कुठे?

मलाही आधी असंच वाटायचं. पण डेन्मार्कचं उदाहरण वाचलं आणि विचार बदलला.

डेन्मार्कने २००६ मध्ये वयस्कर ड्रायव्हरसाठी स्मरणशक्तीची टेस्ट आणली. नंतर अभ्यासकांनी आधीचे आणि नंतरचे आकडे तपासले तर वयस्कर ड्रायव्हरांचे जीवघेणे अपघात कमी झालेले नव्हते. मात्र पायी किंवा सायकलवर असताना मरणाऱ्या वयस्करांची संख्या वाढली होती. गाडी सुटली म्हणून माणूस घरी बसत नाही ना, तो पायी निघतो, आणि रस्त्यावर पायी असणं हे त्या वयात कारमध्ये बसण्यापेक्षा जास्त धोक्याचं. त्याआधी फिनलंड आणि स्वीडनची तुलना झाली होती, एकीकडे नियमित तपासणी, दुसरीकडे काहीच नाही, तिथेही असंच काहीसं दिसलं. २०१७ मध्ये डेन्मार्कने वयावरून होणारी सक्तीची तपासणी बंदच केली.

असं का होतं ते एका हिशोबाने कळेल. समजा सत्तरीच्या पुढचे १,००० ड्रायव्हर आहेत आणि त्यातले ५० खरंच धोक्याचे आहेत. आपल्याकडे एक टेस्ट आहे जी १०० पैकी ८० वेळा बरोबर सांगते, तशी चांगलीच म्हणायची. ती ५० पैकी ४० जणांना पकडेल. पण उरलेल्या ९५० चांगल्या ड्रायव्हरांपैकी १९० जणांनाही चुकून नापास करेल. म्हणजे नापास झाले २३०, त्यातले १९० निर्दोष. पीठ चाळताना चाळणी फार बारीक घेतली की कोंड्याबरोबर चांगलं पीठही वर राहतं, तसंच. आणि अशी चाळणी दर वर्षी लावली तर दर वर्षी थोडं थोडं चांगलं पीठ फेकलं जाणार.

शिवाय आपल्याकडची टेस्ट काय तपासते? ट्रॅकवर आठचा आकडा, चढावर गाडी मागे न जाऊ देणं, रिव्हर्स. चाळीस वर्षं गाडी चालवलेला माणूस हे सगळं झोपेतही करेल. त्याचं कौशल्य गेलेलं नसतंच. गेलेली असते ती नजर, किंवा मान वळवायची ताकद, किंवा गर्दीत चटकन निर्णय घेणं, आणि रिकाम्या ट्रॅकवर सकाळी अकराच्या उन्हात यातलं काहीच दिसत नाही.

## म्हणजे काहीच करू नये?

करावं, पण तपासायचं काय ते बदलून. माझं मत असं की ७० नंतर पाच वर्षं हा काळ फार मोठा आहे, दर दोन-तीन वर्षांनी डोळ्यांच्या डॉक्टरकडून खरी तपासणी व्हावी, परीघासकट, आणि सोबत औषधांची यादी बघितली जावी. ट्रॅकवरची टेस्ट फक्त वयामुळे कुणालाच लावू नये. फीट आली, चक्कर येऊन पडले, अर्धांगवायू झाला, विसरभोळेपणा वाढला, एकामागून एक ठोकाठोक झाली, असं काही असेल तर मात्र लावावी, मग वय ४५ असो की ८५.

डोळ्यांवर माझा एवढा भर का? कारण यात लायसन्स जात नाही, उलट वाचतं. अमेरिकेत २००२ मध्ये आलेल्या एका अभ्यासात मोतीबिंदू असलेल्या वयस्कर ड्रायव्हरांची तुलना केली होती, ज्यांनी ऑपरेशन करून घेतलं त्यांच्या अपघातांचं प्रमाण न करणाऱ्यांच्या निम्म्याच्या आसपास निघालं. वीस-पंचवीस मिनिटांच्या ऑपरेशनने जर एवढा फरक पडत असेल तर तो मोतीबिंदू सही करताना न दिसणं हा मला फार मोठा अन्याय वाटतो, त्या आजोबांवरही आणि रस्त्यावर चालणाऱ्यावरही.

## "हा वयावरून भेदभावच झाला ना?"

सगळ्यांना एकाच वयाला नापास करणं हा भेदभाव. ठरावीक वयानंतर डोळे तपासा म्हणणं तसं नाही. चाळिशीनंतर डॉक्टरचं सर्टिफिकेट आजही सगळ्यांना लागतंच की, त्यावर कुणी भांडत नाही. फक्त दोन सत्तरीतली माणसं कधीच सारखी नसतात, एक सिंहगड चढून येतात आणि दुसऱ्यांना जिना जड जातो, म्हणून निकाल वयावर नाही तर तपासणीवर लागला पाहिजे.

## "लायसन्स गेलं तर आम्ही जायचं कसं?"

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि चर्चेत तोच सगळ्यात शेवटी येतो. ऑगस्ट २०२२ पासून ७५ च्या वरच्यांना एसटी फुकट आहे, ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट. खूप चांगली योजना, पण एसटी गावाला नेते, फिजिओथेरपीला नाही नेत. शहरात बसची पायरी गुडघ्याएवढी उंच, फुटपाथवर गाड्या लावलेल्या, रिक्षावाला जवळचं भाडं घेत नाही. तालुक्याच्या गावी तर तेवढंही नाही. आमच्याकडे आई स्वतः गाडी चालवत नाही, तिचं देवळात जाणं, बहिणीकडे जाणं, दवाखाना, सगळं बाबांच्या लायसन्सवर चालतं. त्यांचं लायसन्स गेलं की दोघंही घरात.

म्हणून मधली पायरी हवी. सिडनीसारखं, फक्त दिवसा, फक्त घरापासून अमुक अंतरात, हायवे नाही. आपल्याकडे व्यवहारात लायसन्स आहे किंवा नाही, दोनच गोष्टी. मग माणूस साहजिकच "आहे" ला घट्ट धरून बसतो आणि डोळ्यांचं कुणाला सांगत नाही.

## घरात हा विषय कसा काढायचा?

"तुम्ही आता चालवू नका" हे वाक्य आम्ही एकदा वापरलं आणि बाबा दोन दिवस बोलले नाहीत. गाडी म्हणजे त्यांच्यासाठी कुणाकडे हात न पसरणं आहे. नंतर मी बाजूच्या सीटवर बसायला लागले, काही न बोलता. वळताना मान फिरते का, सिग्नल उशिरा कळतो का, बंपरवर नवीन ओरखडे आहेत का, ओळखीच्या रस्त्यावर चुकतात का, एवढंच बघायचं. आणि फॉर्ममधली २५ मीटरची टेस्ट आम्ही सोसायटीच्या पार्किंगमध्ये केली. २५ मीटर म्हणजे साधारण सात वॅगन आर एकामागे एक. दिवसा, नेहमीचा चष्मा लावून, एकेक डोळा झाकून. पहिल्यांदा शेजाऱ्यांची गाडी घेतली तर ती प्लेट बाबांना पाठच होती, मग पाहुण्यांची घेतली. डाव्या डोळ्याने वाचली, उजव्याने फक्त "एमएच" म्हणाले आणि थांबले.

ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत त्यांनी किल्लीला हात लावला नाही. आता दिवसा चालवतात, संध्याकाळी सातनंतर मी किंवा रिक्षा, हे त्यांनी स्वतःच ठरवलंय. कार्डावर ऐंशीची तारीख आहे, पण पुढच्या दिवाळीत पार्किंगमध्ये परत सात गाड्यांचं अंतर मोजायचं आमचं ठरलंय, आणि या वेळी मीही वाचणार आहे.